खलनायकाच्या पंगतीला

वडसा स्टेशनवर बदलीवाला माणूस ओळखायला तिकीट तपासनीस लागत नाही. त्याच्याकडे कपड्यांची बॅग एक असते आणि डब्यांच्या पिशव्या तीन. बदलीच्या हुकुमात 'जिल्हा गडचिरोली' एवढं वाचलं की सातारा-सांगली-पुण्याकडच्या घरांत आधी मुंबईतल्या ओळखी धुंडाळल्या जातात, त्या निकामी ठरल्या की नशिबाला बोल लावला जातो आणि शेवटी चकल्या तळायला घेतात. पोरगं तिकडे खाणार काय, हा त्या घरांतला मुख्य प्रश्न. पोरगं तिकडे काम काय करणार, हे सहसा कोणी विचारत नाही.

हे डबे साधारण तिसऱ्या आठवड्यात संपतात. शेंगदाण्याची चटणी तळाला लागते, चिवडा सादळतो आणि नेमकी त्याच सुमाराला खोलीच्या दाराशी एक आकृती उभी राहते. सहा फूट उंची, गालांवर पसरलेल्या मिशा, कपाळाला कायमची आठी आणि खर्जातला आवाज.

"सायेब... डबे सरले ना जी?"

निम्मे लोक या प्रश्नालाच दचकतात. त्यांचा दोष नाही. काकाजी हे झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे निवृत्त खलनायक आहेत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीला धान घरात आलं की इथे गावोगाव नाटकं सुरू होतात. पडदा उघडतो रात्री दहा-अकराला आणि पडतो तेव्हा कोंबडं आरवत असतं. मधल्या वेळात पंचक्रोशी मांडवात असते. या सगळ्या धंद्याचं ठाणं म्हणजे वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. एकाच गावाची दोन नावं असल्यामुळे बदलीवाला पहिल्या दिवशी स्टेशनवर उतरून 'देसाईगंज कुठे आहे?' असं विचारतो आणि लोक त्याला त्याच्या पायाखालची जमीन दाखवतात. इथल्या नाट्यकंपन्यांमधून काकाजींनी उमेदीची सगळी वर्षं सावकार, दरोडेखोर, इस्टेट हडपणारा चुलता आणि वहिनीला छळणारा दीर अशी कामं केली. आता पाय दुखतात म्हणून स्टेज सुटलं. राहिलं ते थोडं धान, भाड्याने द्यायच्या दोन खोल्या, काकू आणि तो आवाज.

खोल्या फक्त बदलीवाल्यांनाच मिळतात. भाडं वाजवी. अट एकच, आणि ती करारात नसते: जेवायला बोलावलं की यायचं.

"हुकुमानं मानूस येते जी," काकाजी सांगतात, "राहाले तोंड लागते."

म्हणून ते नव्या माणसाचं तोंड तयार करायला घेतात. त्याचा अभ्यासक्रम ठरलेला आहे आणि तो ऋतूंप्रमाणे चालतो. जूनमध्ये आलेल्याला पहिल्या पावसाचा तरोटा, म्हणजे टाकळ्याची भाजी. जुलै-ऑगस्टात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. त्याच सुमाराला नशीब असेल तर सात्या, म्हणजे वारुळांवर उगवणारी रानातली अळिंबी. विजा कडाडल्या की त्या जमिनीतून वर येतात असा इथे सगळ्यांचा विश्वास. बाजारात त्यांचा भाव मटणाला खाली बघायला लावतो, आणि कुठल्या वारुळावर येतात ते बाप मुलालाही सांगत नाही. हिवाळ्यात लाखोळीची डाळ. तलावातल्या कमळाचे ढेस. मार्च-एप्रिलमध्ये मोह, त्यामागून टेंभरं आणि चारं ही रानफळं. वर्षभर टिकलेल्याला काकाजी पदवीधर समजतात. मग एटापल्लीकडून कोणी ओळखीचा आला की लाल मुंग्यांची चटणी, हे पदव्युत्तर शिक्षण.

रांधतात अर्थातच काकू. काकाजींचं काम बोलावणं, वाढणं आणि समोर उभं राहून पाहुण्याच्या तोंडाकडे बघणं. तिसऱ्या कामाचा ताण सगळ्यात जास्त. तुम्ही घास उचलता. समोर सहा फुटी सावकार हाताच्या तळव्यात प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा असतो. डॉक्टरांनी सोडायला लावल्यापासून ते खर्रा खात नाहीत, फक्त घोटतात आणि शेजाऱ्याला देऊन टाकतात. पन्नीचा खर्र-खर्र आवाज चालू असतो. तुम्ही घास तोंडात घालता. आवाज थांबतो.

"कसा लागला जी?"

इथे चुकीचं उत्तर एकच आहे, आणि बहुतेक सगळे नेमकं तेच देतात: "अप्रतिम!"

काकाजी मान डोलावतात, 'असं का' म्हणतात आणि भांडं उचलून आत घेऊन जातात. पाहुण्याला वाटतं, आपण जिंकलो. प्रत्यक्षात त्याचं नाव पाहुण्यांच्या यादीत कायमचं चढलेलं असतं. त्याला पुढेही बोलावतील, ताट-पाट मांडतील, 'सायेब' म्हणतील, 'जी' लावतील. पण भांड्यात दुसऱ्यांदा पळी जाणार नाही.

हे गणित मला बरेच महिने सुटलं नव्हतं. मी त्यांचा जुना भाडेकरू. कौतुक केलं की माणूस हात आखडता घेतो, हे मी याच घरात बघितलं. एकदा विचारलंच. काकाजींनी खर्रा घोटणं थांबवलं.

"नाटकात हिरोले टाळ्या भेटत होत्या. त्याले का कोनीही टाळ्या देते. तिकीट काढलं हाये म्हनून देते. मले बाया शिव्या देत. एका गावात तं म्हातारीनं चप्पल फेकून मारली जी. ते खरी होती." चपलेच्या आठवणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "टाळी उसनी आणता येते. शिवी आतूनच याले लागते."

तेव्हापासून काकाजींच्या पंगतीकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो.

'अप्रतिम' संप्रदायाचे आद्य आचार्य म्हणजे एक तरुण अधिकारी. नाव सांगत नाही, आता ते बऱ्याच वर पोहोचले आहेत. प्रत्येक पदार्थाचा आधी फोटो, मग घास, मग डोळे मिटणं, मग ते विशेषण. वास्त्यांना अप्रतिम, तरोट्याला अप्रतिम, पाण्यालासुद्धा एकदा अप्रतिम म्हणून झालं. मुंग्यांची चटणी आली तेव्हा मी शेजारी होतो. झाडाची पानं जोडून या मुंग्या घरटं करतात. ते कापडात झटकून मुंग्या आणि त्यांची अंडी मीठ-मिरचीबरोबर वाटायची. आंबट, झणझणीत, आणि माडिया आदिवासींच्या घरांत ताप आला तरी देतात. अधिकाऱ्यांनी बोटाच्या टोकावर मोहरीएवढी चटणी घेतली. चेहऱ्यावरून तीन ऋतू सरकले. 'अप्...' एवढं म्हणून ते अंगणात गेले, आणि उरलेला शब्द त्यांनी चूळ भरल्यावर पूर्ण केला. काकाजी शांत. पुढे ओडिशातल्या सिमिलीपालच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मात्र ते खवळले. "आमच्या मुंग्या का पांढऱ्या होत्या का जी?" म्हणून त्यांनी पेपर आपटला.

अधिकारी ताट खोलीवर घेऊन जाऊ लागले तेव्हा काकूंच्या ध्यानात एक गोष्ट आली. घरच्या सगळ्या कोंबड्या दुपारी त्यांच्या खिडकीखाली जमायच्या. काकूंनी कुणाकडे तक्रार केली नाही. कोंबड्यांना टाकायचा दाणा मात्र बंद केला.

मोहाचा विषय निघाला की बदलीवाल्यांचे डोळे निराळेच चमकतात. एका कार्यालयातले कारकून चैत्राच्या तोंडावर आले. पहाटे मोह टपटपत होता, झाडाखालचा पालापाचोळा झाडून बायका टोपल्या भरत होत्या, हवेत तो गोड, जडसर वास. कारकुनांनी काकाजींना कोपरखळी मारली. "काकाजी, मोह एकदा चाखायला पाहिजे बरं का!" काकाजी म्हणाले, "संध्याकारी या." कारकून संध्याकाळी अंघोळ करून, भांग पाडून, शेंगदाण्यांची पुडी घेऊन हजर. पुढ्यात ताटली आली. ताटलीत दोन लाडू. वाळवलेली फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून वळलेले.

कारकुनांनी लाडू खाल्ले. थोडा वेळ वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "आणि... पातळ?"

"जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी हाये जी," काकाजी सावकाराच्या आवाजात म्हणाले. "लाडवावर नाही. अजून एक घ्या."

कारकून संतापले. फसवणूक आहे, हे फूल एवढ्या चांगल्या कामाचं असताना त्याचे लाडू करणं हा गुन्हा आहे, चवीला जुना खजूर बरा, असं बरंच बोलले. काकाजी ऐकत होते आणि त्यांचा चेहरा खुलत चालला होता. बोलणं संपलं तेव्हा ताटलीत चार लाडू होते आणि 'सायेब'चा 'बाबू' झाला होता.

डॉक्टरांची गोष्ट आणखी निराळी. सांगलीकडचे वैद्यकीय अधिकारी, नवे, पुस्तकं ताजी. हिवाळ्याचे दिवस. धान कापणीला येतं तेव्हा बांधीत उभ्या पिकातच लाखोळी फेकतात. धान निघालं की जमिनीतल्या ओलीवर ती वाढते, नांगर नाही, खर्च नाही. तिचा कोवळा पाला भाजीला आणि डाळ वरणाला, वड्यांना. डॉक्टरांनी वाटीकडे बघून विचारलं, "ही कुठली डाळ?" उत्तर ऐकलं आणि वाटी चार बोटं लांब सरकवली.

"मी खाणार नाही. तुम्हीही खाऊ नका. लॅथिरिझम होतो. पाय लुळे पडतात."

मग पंगतीतच व्याख्यान झालं. डाळीतलं विषारी द्रव्य, दुष्काळात महिनोन्महिने दुसरं काही न मिळता हीच खाल्लेल्या गरिबांचे गेलेले पाय, १९६१ साली विक्रीवर आलेली बंदी. काकाजी सगळं ऐकून उठले. धोतराचा सोगा खोचला. अंगणाच्या टोकाला गेले आणि तिथून त्यांनी 'एंट्री' घेतली, जशी शेकडो मांडवांत घेतली असेल तशी. पाय आपटत, जमीन हादरवत, मिशीवर ताव देत थेट डॉक्टरांच्या ताटापर्यंत. शेजारच्या घरातलं मूल रडायला लागलं.

"साठ वर्स खातो मी लाखोरी," ते गरजले. "हे पाय पाहा!"

"तुम्ही भातही खाता, भाजीही खाता," डॉक्टर जागचे हलले नाहीत. "ज्यांना दुसरं काही मिळालं नाही त्यांचे पाय बघा."

काकाजी थांबले. हे उत्तर त्यांच्या संहितेत नव्हतं. तेवढ्यात आतून काकू आल्या. त्यांनी सांगितलं की त्या डाळ गरम पाण्यात भिजत घालतात आणि ते पाणी टाकून देतात, त्यांच्या सासूने तसंच शिकवलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. बरोबर आहे, बराचसा दोष पाण्याबरोबर जातो, म्हणाले. मग नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी या डाळीवरच्या बंदीविरुद्ध केलेल्या उपोषणांवर वाद निघाला आणि रात्री साडेअकरापर्यंत चालला. डॉक्टरांनी त्या दिवशी वाटीला हात लावला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी काकाजी सगळ्या गल्लीला सांगत होते, "डाक्टर आपला मानूस हाये." डॉक्टर पुढे लाखोळीचे वडे खाऊ लागले, पण दर महिन्याला काकाजींच्या गुडघ्यांवर हातोडी मारून बघितल्याशिवाय नाही.

या सगळ्यांवर ताण केली ती बँकेतल्या मॅडमनी. सिंधुदुर्गातल्या. बदलीवर आल्या त्या पावसाळ्यात, आणि पहिलंच जेवण वास्त्यांचं.

वास्त्यांची भाजी म्हणजे काकूंचा एक दिवस. बाजारातून वाटा आणायचा, एकावर एक चढलेली सालं सोलत आत जायचं. सोलता सोलता ढीग सालांचा होतो आणि हातात उरतो तो फिकट पिवळा गाभा. तो पावशीवर, म्हणजे विळीवर, बारीक चिरायचा, उकळायचा, कडवट पाणी फेकायचं, मग डाळ घालून शिजवायचा. एवढं करूनही एक उग्र आंबूस वास राहतोच, आणि ज्यांना आवडतं त्यांना तो वासच आवडतो. मॅडमनी घास घेतला. पन्नीचा आवाज थांबला.

"कसा लागला जी?"

"नाही आवडलं," मॅडम म्हणाल्या.

काकूंच्या हातातली पळी भांड्यावर तशीच राहिली. मी पाण्याचा पेला उचलला.

"बांबूचे कोंब आम्ही पण खातो," मॅडम पुढे म्हणाल्या. "ही भाजी कोरडी लागते. ह्याला ओलं खोबरं हवं. खोबऱ्याशिवाय काय ती भाजी?"

"खोबरा?" काकाजींचा आवाज चढला. "वास्त्यात खोबरा? मंग वास्ते काहून खाता जी? खोबराच खा ना!"

"खोबरं घातलं की वास मरतो."

"वास मराले पायजे म्हनून खाते का कोनी? मंग कांद्याले फुलं लावून खा!"

दोघं पुरा तासभर भांडली. मधे भात संपला, काकूंनी आणखी लावला. तांदळावर भांडण झालं, उकडा की साधा. माशांवर झालं, तलावातला की समुद्रातला. काकाजी म्हणाले, मिठाच्या पाण्यात वाढलेल्या माशाला चव ती काय असणार. मॅडम म्हणाल्या, चिखलात वाढलेल्याला असते वाटतं? या धामधुमीत मॅडमनी वास्ते दोनदा वाढून घेतले, नावं ठेवण्यासाठी तरी खायला हवेत म्हणून. जाताना काकाजींनी त्यांना पोहोचवायला मला पाठवलं आणि दारातून ओरडले, "पोरी, उद्या डब्बा घेऊन ये!"

पहिल्या जेवणात 'पोरी'पर्यंत पोहोचलेली ही एकच व्यक्ती.

'घरचा' झालेल्याला इथे काही हक्क मिळतात. त्याने भांड्याचं झाकण स्वतः उचलायचं. तळाचा खरपुडलेला भात त्याचा. गिरणीत दळण त्यानेच न्यायचं, आणि विजेचं बिल भरायच्या रांगेतही त्यानेच उभं राहायचं. मॅडमनी एक हक्क जादा घेतला. दिवाळीहून परत येताना त्यांनी ट्रंकेत सुके बोंबील, आमसुलं आणि अर्धा डझन नारळ आणले, आणि काकाजींना जेवायला बोलावलं.

तो प्रसंग झाडीपट्टीत तिकीट लावण्याच्या लायकीचा होता. काकाजी पाटावर, मॅडम उभ्या. हातात पन्नी नव्हती, पण नजर तीच. बोंबील काकाजींनी सोसले. आठवडी बाजारात सुकट इथेही येते. मग वाटीत सोलकढी आली, गुलाबी. काकाजींनी ती उजेडाकडे धरून पाहिली, काकूंकडे पाहिलं आणि घोट घेतला.

"कशी लागली?" मॅडमनी विचारलं.

आयुष्यभर दुसऱ्यांना या प्रश्नाच्या खिंडीत गाठणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कळत होतं की उत्तर द्यायला किती हिंमत लागते. समोर पोरीचा चेहरा, तिने पहाटे उठून वाटलेलं खोबरं. काकाजींच्या मिशा थरथरल्या. 'अप्र' पर्यंत ते आले असावेत असा मला दाट संशय आहे.

"नाही आवडली," ते म्हणाले. "दवाई हाये हे."

मॅडम इतक्या हसल्या की कढीचं भांडं खाली ठेवावं लागलं. मग काकाजीही हसले, ते जुनं, मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारं हसू. काकू मात्र मुकाट्याने तीन वाट्या प्यायल्या आणि आमसुलं कुठे मिळतात ते त्यांनी विचारून घेतलं. आता त्या घरात वास्त्यांची भाजी दोन भांड्यांत होते. एका भांड्यात खोबरं असतं. ते काकूंसाठी आहे असं काकाजी सांगतात, आणि काकू काही बोलत नाहीत.

परवा वरच्या खोलीत पुण्याचा एक कृषी अधिकारी आला. होतकरू पोरगा. मला त्याची दया आली. म्हटलं, हा दीड वर्ष 'अप्रतिम' म्हणत उपाशी राहील. म्हणून त्याला जिन्यात गाठून गुपित सांगितलं: काहीही आवडलं तरी आवडलं म्हणू नकोस. तोंड वाकडं कर, नावं ठेव, भांड.

पोरगा हुशार. त्याने वास्त्यांचा घास घेतला, नाक मुरडलं, कपाळाला आठ्या घातल्या. "छे!" म्हणाला. "ही काय भाजी आहे? वास बघा केवढा! मला अजिबात आवडली नाही!"

काकाजींनी खर्रा घोटणं थांबवलं. त्याच्या ताटात पाहिलं. ताट चाटूनपुसून साफ होतं. मग त्यांनी माझ्याकडे एक खलनायकी कटाक्ष टाकला आणि पोराच्या पाठीवर थाप मारली.

"सायेब," ते म्हणाले, "हे वडसा हाये जी. इथं रोज रात्री नाटक होते. एंट्री बरी होती, पन डायलाग पाठ केलेला दिसते. जा, हात धुवा."

आणि भांडं उचलून आत घेऊन गेले.